रोलप्लेइंग गेम निवडताना: "पण यात करायचं काय असतं?"

गेल्या जुलैतला रविवार. फोंड्याला मावसभावाच्या घरी आम्ही पाच जण जेवणाच्या टेबलाभोवती बसलो होतो. पाऊस असा लागला होता की कुंपणाजवळचे माडसुद्धा धूसर दिसत होते. मी तीनशे पानांचं नियमपुस्तक, फाशांची पिशवी आणि पाच कोऱ्या कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती भरायचे कागद, घेऊन आलो होतो. साडेतीनला सुरुवात केली. सहा वाजले तरी आम्ही पात्रंच तयार करत होतो. वंश कुठला, पेशा कुठला, बळ किती, चपळाई किती, मंत्र कोणते येतात, पाठीवरच्या पिशवीत दोरी आहे की नाही. वहिनीने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "भावजी, हे सगळं भरून झाल्यावर आपण यात करायचं काय असतं?"

मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात वीज गेली.

मेणबत्तीच्या उजेडात त्या पुस्तकातली बारीक अक्षरं वाचणं शक्यच नव्हतं. मोबाइलमध्ये 'लेझर्स अँड फीलिंग्ज' नावाच्या खेळाचं एक पान उतरवून ठेवलेलं होतं. जॉन हार्पर या अमेरिकन रचनाकाराचा हा खेळ अक्षरशः एका पानाचा आहे आणि फुकट मिळतो. मूळ कथा अवकाशयानाची: कप्तान बेशुद्ध, यान चालवायचं उरलेल्यांनी. आम्ही यानाच्या जागी दिवाडीची फेरीबोट घेतली. तांडेल तापाने फणफणलेला, मांडवीवर दाट धुकं आणि पलीकडचा धक्का काही केल्या येत नाही. दहा मिनिटांत खेळ सुरू झाला आणि रात्री वीज परत आल्यावरही कोणी उठलं नाही.

त्या दिवसापासून कुणी मला "नवीन खेळायचंय, कुठला घेऊ?" असं विचारलं की मी वहिनीचाच प्रश्न पुढे करतो. रोलप्लेइंग गेम आज शेकड्यांनी आहेत. त्या प्रत्येकाचं 'करायचं काय' याचं उत्तर वेगळं आहे, आणि ते उत्तर पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या ड्रॅगनवरून कळत नाही.

दशावतार पाहिलाय ना?

हा प्रकार अगदीच नवा असणाऱ्यांसाठी आधी थोडं. पेडण्याकडच्या एखाद्या जत्रेत रात्रभर बसून दशावतार पाहिला असेल तर तुम्हाला हे चटकन कळेल. तिथे छापील संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण राजा, कोण राक्षस, कोण राणी ते ठरतं, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. एक बाकडं मांडलेलं असतं, तेच सिंहासन. समोरचा नट काय बोलेल हे पूर्ण माहीत नसतं, म्हणून ऐकावं लागतं. कथेचा सांगाडा सगळ्यांचा, बोलणं ज्याचं त्याचं.

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे असंच आख्यान, टेबलाभोवती बसून केलेलं, आणि त्याला प्रेक्षक नाहीत. एक जण सूत्रधार होतो, त्याला बहुतेक खेळांत गेम मास्टर म्हणतात. तो जग उभं करतो: धुकं कसं आहे, पहारेकरी काय म्हणाला, दाराआड काय आहे. बाकीचे प्रत्येकी एका पात्राचे धनी. सूत्रधार विचारतो, आमच्याकडे कोकणीतूनच विचारतो, "आतां तूं कितें करता?" खेळाडू सांगतो. जे केलं त्याचा परिणाम उघड असेल तर सूत्रधार तो सांगून मोकळा होतो. परिणाम अनिश्चित असेल, आणि यशाने किंवा अपयशाने कथा वळणार असेल, तेव्हा फासे टाकायचे. दशावतारात शेवटी राक्षस मरणार हे ठरलेलं असतं. इथे ते ठरलेलं नसतं. सूत्रधारालाही माहीत नसतं.

याची सुरुवात १९७४ सालची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. दोघेही टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारे. पलटणीच्या जागी एकेका खेळाडूने एकच माणूस घेतला, त्याला नाव दिलं, आणि तो माणूस पुढच्या बैठकीत पुन्हा आला. लढाईच्या खेळातून जन्मल्याचा ठसा या खेळावर आजही आहे, आणि निवडताना तो लक्षात घ्यायला हवा.

नियम ज्याबद्दल बोलतात, तेच टेबलावर घडतं

मला या लेखात सांगायचं आहे ते हेच. नवा खेळ हातात आला की गोष्ट किंवा चित्रं बघण्याआधी दोन जागा बघा: कॅरॅक्टर शीट, आणि खेळ बक्षीस कशाला देतो ते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या शीटवर चिलखताचा आकडा आहे, जीवबिंदू आहेत, शस्त्रांचं नुकसान आहे, मंत्रांची यादी आहे. याचा अर्थ इथे लढाई होणार, आणि ती रंगतदार होणार, कारण पुस्तकाने सर्वात जास्त कष्ट तिच्यावरच घेतले आहेत. तुमच्या मंडळींना डावपेच आवडत असतील, पात्र पायरी पायरीने बलवान होताना बघण्यात सुख वाटत असेल, तर हा खेळ उत्तमच. पण तुम्हाला राजदरबारातली बोलाचाली हवी असेल तर पुस्तकातली निम्मी पानं उघडलीच जाणार नाहीत. मग लोक म्हणतात खेळ जड आहे. जड तो आहेच, पण मुख्य म्हणजे तुमच्या कामाचा नाही.

बक्षिसाचं उदाहरण याच खेळाच्या इतिहासात आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये अनुभवाचे गुण मुख्यतः मिळत ते शोधून बाहेर आणलेल्या सोन्याचे. मग शहाणा खेळाडू काय करी? राक्षसाला चुकवून, झोपू देऊन, फसवून खजिना पळवी. लढाई म्हणजे फुकटचा धोका. पुढे बक्षीस राक्षस मारण्याकडे झुकत गेलं, तशी लढाई हाच खेळाचा मधला खांब झाला. तीच भुयारं, तेच राक्षस. फक्त गुण कशाचे मिळतात ते बदललं आणि टेबलावरची माणसं वेगळी वागू लागली.

आता शेजारी 'कॉल ऑफ कथुलू' ठेवा. केऑसियम या प्रकाशकाने १९८१ साली काढलेला, सँडी पीटरसन यांची रचना. तिथे शीटवर ग्रंथालयात शोध घेण्याचं स्वतंत्र कौशल्य आहे, आणि मन:स्वास्थ्याचा आकडा आहे जो भयंकर काही पाहिलं की घटतो. राक्षसाशी लढून जिंकणं जवळजवळ अशक्य. म्हणजे इथे करायचं काय? जुने कागद चाळायचे, माणसांना बोलतं करायचं, आणि शहाणपण शाबूत आहे तोवर सत्य गाठायचं. मूळ खेळ बहुतेकदा १९२०च्या दशकातल्या अमेरिकेत घडतो, पण मला तो त्याच काळातल्या पणजीत बघायला फार आवडेल. पणजीचं सरकारी ग्रंथालय १८३२ सालापासूनचं. तिथल्या एखाद्या पोर्तुगीज दस्तात, भलत्याच हस्ताक्षरात लिहिलेली एक ओळ सापडते, आणि तपास सुरू. हे नियमांना न वाकवता होतं, कारण नियम मुळातच कागद चाळण्याबद्दल आहेत.

एकच तट, तीन दानं

फासे कसे पडतात यानेही खेळाचा स्वभाव ठरतो. उदाहरण म्हणून कोरजुव्याचा किल्ला घेऊ. रात्र आहे, पाऊस आहे, चिरे शेवाळलेले आहेत. वर कंदील घेतलेला पहारेकरी फिरतोय. तुमच्या पात्राला तटावर चढायचं आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये सूत्रधार मनाशी काठिण्य ठरवतो, समजा १५. तुमच्या पात्राच्या अंगात बळ आहे, त्याचे ३ मिळवायचे. वीस बाजूंचा फासा टाकला, १२ किंवा जास्त पडलं की चढलात. शक्यता शंभरात ४५. त्याहून कमी पडलं तर नाही चढलात. उत्तर होय किंवा नाही. वीस बाजूंच्या फाशावर १ पडायची शक्यता आणि ११ पडायची शक्यता सारखीच, त्यामुळे पट्टीचा गिर्यारोहक घसरतो आणि पुस्तकी पंडित सरसर चढतो असंही होतं. काहींना हा थरार आवडतो. काहींना तो अन्याय वाटतो.

'कॉल ऑफ कथुलू'मध्ये शंभरातलं दान. चढण्याचं कौशल्य ४० असेल तर ४० किंवा कमी पडायला हवं. शीट बघितली की आपली शक्यता तिथेच लिहिलेली, हिशेब नाही, म्हणून नवख्यांना हे सर्वात लवकर उमगतं असा माझा अनुभव आहे. सध्याच्या आवृत्तीत एक सुंदर सोय आहे: दान फसलं तर पुन्हा जोर लावता येतो, पण कसा ते सांगावं लागतं, आणि दुसऱ्यांदा फसलं तर परिणाम आणखी वाईट. "मी चप्पल काढून, बोटं चिऱ्यांच्या फटीत घालून पुन्हा चढतो." हे वाक्य आलं की सगळं टेबल पुढे झुकतं.

तिसरा प्रकार व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'पासून, २०१० पासून, पसरला. साधे सहा बाजूंचे दोन फासे. बेरजेत पात्राचा गुण मिळवा, समजा १. बेरीज १० किंवा वर गेली तर काम फत्ते. ७ ते ९ आली तर काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. ६ किंवा खाली आली तर सूत्रधाराची पाळी. गुण १ असताना पूर्ण यशाची शक्यता शंभरात सुमारे २८, आणि त्या मधल्या घराची सुमारे ४४. म्हणजे सर्वात जास्त वेळा तुम्ही तटावर पोचता, पण कंबरेचा खंजीर खाली दगडावर वाजतो. किंवा पोचता, पण दोर वरच अडकून राहतो आणि परतीची वाट बंद. 'होय, पण' हे उत्तर वारंवार येतं आणि कथा एका जागी थांबत नाही. त्याची किंमत सूत्रधार मोजतो: दर वेळी ते 'पण' त्याला सुचावं लागतं. ज्याला ऐनवेळी सुचतं त्याला हे वरदान वाटतं. ज्याला सगळं आधी लिहून आणायला आवडतं त्याची दमछाक होते.

याच घराण्यातला पुढचा 'ब्लेड्स इन द डार्क', जॉन हार्पर यांचाच, २०१७ सालचा. चोरांच्या टोळीचा खेळ. इथे फासा टाकण्याआधी बोलणं होतं: धोका किती, फायदा किती. आणि मधेच खेळाडू म्हणू शकतो, "थांबा, मी काल संध्याकाळीच त्या पहारेकऱ्याला भेटून आलो होतो." मग ती काल संध्याकाळ आत्ता खेळायची. त्यासाठी पात्राच्या मनावरचा ताण वाढतो. चोरीचा बेत आखण्यात दोन तास घालवणाऱ्या मंडळींची या एका नियमाने सुटका होते.

बसणार कोण आहे?

खेळ कितीही चांगला असला तरी टेबलावर आपलीच माणसं असतात. म्हणून पुस्तक निवडण्याआधी त्यांच्याकडे बघावं.

कोणी सूत्रधार व्हायला तयार नसेल तर त्याची अट नसलेले खेळ आहेत, आणि ते दुय्यम नाहीत. जेसन मॉर्निंगस्टार यांचा 'फियास्को', २००९ सालचा, तीन ते पाच जणांचा. साध्या माणसांची मोठी हाव आणि तिचा उडालेला बोजवारा, एका बैठकीत संपणारा. आपल्याकडे गावोगावी उत्सवात मराठी नाटक बसवणारी मंडळी आहेत. पंचायतीत काम करणारा खलनायक होतो, बँकेतली बाई नायिका होते, तालमी रात्री दहानंतर रंगतात. अशा मंडळींना मी डोळे झाकून 'फियास्को' देईन. प्रवेश कसा उभा करायचा आणि कधी संपवायचा हे त्यांच्या हाडीमांसी आहे. त्यांना चिलखताचे आकडे भरायला लावणं म्हणजे त्यांची कला वाया घालवणं.

मुलं असतील तर 'माऊसरिटर'. पात्रं उंदीर आहेत, मांजर म्हणजे महासंकट. सामान किती नेता येतं ते शीटवरच्या चौकोनांत चिठ्ठ्या ठेवून दिसतं, दहा वर्षांच्या मुलालाही ते समजावून सांगावं लागत नाही. एकट्याने खेळायचं असेल तर शॉन टॉमकिन यांचा 'आयर्नस्वॉर्न', २०१८ सालचा, फुकट. भीतीची एकच रात्र हवी असेल आणि घरात जेंगाचे लाकडी ठोकळे असतील तर 'ड्रेड': त्यात फासेच नाहीत, धोक्याचं काही केलं की मनोऱ्यातून ठोकळा ओढायचा, मनोरा पडला की तुमचं पात्र संपलं. हात थरथरतात ते खरोखरच थरथरतात.

वेळेचा हिशेब प्रामाणिकपणे करा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' किंवा त्याच्याहून तपशीलवार 'पाथफाइंडर' यांची गोडी महिनोन् महिने खेळण्यात आहे. पण चतुर्थीत कोणी सापडत नाही, शिगम्यात सापडत नाही, मे महिन्यात पाहुणे. आमच्यातली लांब मोहीम दोनदा अशीच विरली. पहिल्यांदा एका बैठकीत संपणारा खेळ घ्यावा हे माझं ठाम मत आहे. आवडला तर पुढे नेता येतो. न आवडला तर एक संध्याकाळ गेली, नातं बिघडलं नाही.

राखणदाराची गोष्ट

त्या रविवारी फेरीबोटीवर एक म्हातारा होता. मुसळधार पावसात सगळे भिजलेले, हा कोरडा. वहिनीने त्याच्याशी बोलायचं ठरवलं.

'लेझर्स अँड फीलिंग्ज'मध्ये प्रत्येक पात्राला एकच आकडा असतो, २ ते ५ मधला. आकडा मोठा तर यंत्रं आणि थंड डोकं ही तुमची ताकद, त्या कामात आकड्याच्या खाली दान हवं. आकडा लहान तर माणसं आणि भावना ही ताकद, तिथे आकड्याच्या वर हवं. वहिनीचा आकडा २. लुडोच्या डब्यातला फासा तिने टाकला, आणि बरोबर २ पडला. नेमका आपला आकडा पडला तर नियम सांगतो: सूत्रधाराला एक प्रश्न विचारा, तो खरं उत्तर देईल.

वहिनी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "हा कुठल्या धक्क्यावर चढला?"

"कुठल्याच नाही," मी म्हणालो.

पलीकडे खाटेवर मावशी वाती वळत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "तो राखणदार आसतलो." आणि मग जरा गंभीरपणे, त्याला खेळात आणू नका.

ज्यांना गोव्याबाहेर हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: राखणदार म्हणजे गावाची सीमा राखणारी शक्ती. त्याला वर्षाचा रोट देणारी घरं आजही आहेत. माझ्यासाठी तो कथेतला धागा होता, मावशीसाठी ती श्रद्धा होती, आणि टेबल तिच्या घरात होतं. आम्ही म्हाताऱ्याला बदललं. तो मांडवीत वर्षांपूर्वी बुडालेल्या बोटीचा तांडेल झाला. कथेचं काहीही बिघडलं नाही.

भयकथेचे खेळ निवडताना हे फार महत्त्वाचं आहे, आणि परदेशी पुस्तकं ते आपल्यासाठी सांगू शकत नाहीत. एखाद्याची करमणूक ही शेजारच्या खुर्चीवरच्याचा देव असू शकते. एखाद्याच्या घरात नुकताच मृत्यू झालेला असू शकतो. म्हणून खेळाडू 'सेशन झिरो' करतात: पहिल्या बैठकीआधी अर्धा तास बसून कोणत्या गोष्टी कथेत नकोतच आणि कोणत्या आल्या तरी पडद्याआड राहाव्यात ते ठरवायचं. जॉन स्टाव्रोपोलोस यांनी मांडलेलं 'एक्स कार्ड' त्याहून सोपं आहे. टेबलाच्या मध्ये फुली काढलेला कागद ठेवायचा. कोणीही त्याला बोट लावलं की तो भाग वगळायचा, कारण विचारायचं नाही. आपल्या घरांत धाकट्याने मोठ्याला "हे नको" म्हणणं अवघड जातं. कागदाला बोट लावणं त्यामानाने सोपं.

भाषा आणि पैसा

मी इथे नाव घेतलेल्या सगळ्या खेळांचे नियम मुळात इंग्रजीत आहेत. त्याने अडत नाही, कारण ते वाचावे लागतात एकालाच. आमच्या टेबलावर नियम इंग्रजीत, शीटवरची अक्षरं मराठीत आणि बोलणं कोकणीत. शीटचं मराठी मी वहीच्या कागदावर हाताने लिहितो: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप. शेवटच्यासाठी 'करिष्मा' लिहिलं होतं, भाच्याने खोडून 'छाप' केलं आणि तेच राहिलं. मात्र ज्या खेळात प्रत्येक खेळाडूला स्वतः पानंच्या पानं वाचावी लागतात, प्रत्येकाचे मंत्र वेगळे, प्रत्येकाचे अपवाद वेगळे, तो इंग्रजी सराईत नसलेल्या माणसाला टेबलावर एकटं पाडतो. मावसभाऊ त्या दिवशी अडीच तास गप्प होता ते का, हे मला नंतर कळलं.

खर्चाचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात एक रुपयाही घालू नका. २०२३च्या जानेवारीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचा गाभ्याचा नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. 'पाथफाइंडर'चे नियम फुकट वाचता येतात. 'कॉल ऑफ कथुलू'ची छोटी सुरुवातीची आवृत्ती फुकट आहे, तिच्यात एक आख्यानही आहे. वीस बाजूंचा फासा नसेल तर मोबाइलवर टाकता येतो. तरी हातातला फासा टेबलावर गडगडत जाताना सगळ्यांनी श्वास रोखणं, हे मोबाइलवर होत नाही. म्हणून पहिल्यांदा सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा खेळ निवडलात तर बरं, लुडोचा डबा घरोघरी आहे.

खेळून झाल्यावर आम्ही चहाबरोबर प्रत्येकाला एकच विचारतो: आजचं काय आठवतंय? उत्तर नियमातून उगवलेल्या क्षणाचं असेल तर तो खेळ आपला. नियम बाजूला ठेवल्यावर रंगलेल्या क्षणाचं असेल तर दुसरा शोधायचा. त्या रात्री चौघांनी वहिनीचा तो धक्क्याचा प्रश्नच सांगितला. वहिनीने स्वतः मात्र बोटीतून दिसणारा काठ सांगितला. तिला त्या धुक्यात काठावर काय काय आहे ते ठरवायला आवडलं होतं.

म्हणून पुढच्या खेपेला मी एव्हरी ऑल्डर यांचा 'द क्वाएट इयर' नेला. दोन ते चार जणांचा खेळ, सूत्रधार नाही. पत्त्यांचा जोड, एक मोठा कागद, पेन्सिली. एक पत्ता म्हणजे एक आठवडा, बावन्न आठवड्यांचं वर्ष. संकटातून सावरलेल्या एका वस्तीचा नकाशा सगळ्यांनी मिळून काढायचा. पत्ता ओढला की पुस्तकातला प्रश्न वाचायचा, त्याचं उत्तर ठरवायचं, आणि मग एखादं काम सुरू करायचं, काही नवं शोधायचं किंवा वस्तीची सभा भरवायची. सभेत प्रत्येकाने एकदाच बोलायचं, उत्तर द्यायला परवानगी नाही. आपल्याला न विचारता कोणी काही केलं असं वाटलं तर समोरच्या वाटीतला एक खडा उचलून आपल्यापुढे ठेवायचा. वाद घालायचा नाही, खडा दिसत राहतो.

गेल्या वर्षीच्या मखराचा उरलेला चार्ट पेपर आम्ही टेबलावर पसरला. वहिनीने आधी तळी काढली, मग तिच्यातून निघणारा पाट, मग पाटाच्या कडेने वायंगणाची शेतं. भाच्याने पाटावर धरण घालायचं काम काढलं, ते पुरं व्हायला सहा आठवडे, म्हणून त्यावर ६ दाखवणारा फासा ठेवला. मावशीने वाती बाजूला ठेवल्या आणि खुर्ची ओढून बसली, कारण धरण चुकीच्या जागी होतं. मी तिला माझी जागा दिली.

तिच्यापुढे आता तीन खडे आहेत. इस्पिकचा राजा निघाला की वर्ष संपतं, तो अजून जोडातच आहे. चार्ट पेपर गुंडाळून कपाटावर ठेवलाय, येत्या रविवारी पुन्हा उघडायचा.